घट्ट बसलेलं झाकण

गाडी बंद पडली ती नेमकी कालव्याच्या पुलावर. पुढची चाकं पलीकडच्या गावात, मागची आमच्या. तुरोबने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"पुढच्या वळणावर माझी सासुरवाडी आहे, उस्ता. मेहुणे बघत असतील. ढकलायला आले ना, तर मी कालव्यात उडी टाकेन."

"कालव्याला पाणी नाही," मी मागून म्हणालो. मी चहाखान्यातला समावारवाला, चहाचा बंब सांभाळणारा. चहापत्ती संपली होती, म्हणून फुकटात शहरापर्यंत निघालो होतो. फुकटचा प्रवास असाच असतो.

मिर्झोहिद उस्ता, आमच्या मोहल्ल्याचे मिस्त्री, मात्र खुशीत होते. गाडी मरावी म्हणूनच ते बरोबर आले होते.

ही पिस्ता रंगाची जुनी रशियन गाडी तुरोबच्या बापाची. वसंतापासून तिने एकच खोड धरली होती. घरातून निघताना नवरीसारखी शहाणी. थोडं अंतर गेलं की अंग शहारायचं, खोकायची आणि मरायची. चहाची किटली रिकामी होईस्तोवर थांबलं की पुन्हा चालू. उस्तांनी कार्बोरेटर खोलून धुतला. पंपाचा पडदा बदलला. गरम पंपावर ओला फडका गुंडाळून पाहिला. कॉइल स्वतःच्या फडताळातली बसवली. गाडी मरतच राहिली. आमच्या मोहल्ल्यात जावयाला नावं ठेवता येतात, इमामाला दबक्या आवाजात ठेवता येतात. उस्तांच्या हाताला कोणी ठेवत नाही. त्यामुळे दोष दुसरीकडे असणं भागच होतं.

तो त्यांनी शोधलाही. "पेट्रोल भरलं की धावते, मग मरते. कुणाचं भरतोस?"

"झुलैहो-आपाचं. आणखी कुणाचं?"

झुलैहो विधवा. नाक्यावर स्टुलावर पेट्रोलच्या बाटल्या मांडून बसते. भर दुपारी, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना, उस्तांनी तिची एक बाटली उघडली, तळहातावर थोडं ओतलं, चोळलं, हुंगलं. "मुली उजवायच्या आहेत ना तुला, झुलैहो? मग पाणी मिसळून विकू नकोस. हरामाचं पचत नाही." आणि उरलेली बाटली मातीत उपडी केली. बाटली उचलून तिने फक्त बूच लावलं.

त्या दिवसापासून तिच्या स्टुलापाशी गाडी थांबेना. आज गाडी मरताच उस्तांना टाकीत उरलेलं तिचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून, तळाला बसलेलं पाणी सगळ्या चहाखान्याला दाखवायचं होतं.

ते मागे गेले, टाकीचं झाकण फिरवलं. आणि गाडीने आत श्वास ओढला. कुणी बुडता बुडता वर यावं तसा, लांब.

उस्ता जागीच थांबले. झाकण लावलं, पुन्हा काढलं. या खेपेला आवाज नाही.

"चालू कर," ते तुरोबला म्हणाले.

पहिल्याच किल्लीला चालू झाली. "वा उस्ता! नुसता हात लावला!"

उस्तांचे कान लाल झाले होते. ते झाकण त्यांचंच. मूळचं वसंतात हरवलं तेव्हा त्यांनी लेथवर स्वतः कातून, रबराचं कडं घालून दिलं होतं. मुंगीला आत जाता येणार नाही, असं सांगत चार दिवस हिंडले होते. मुंगीचं सोडा, हवाही धड जात नव्हती. पेट्रोल ओढलं जाई, त्याची जागा घ्यायला टाकीत काही येत नसे, आणि इंजिन उपाशी मरे. झाकण उघडलं की, किंवा थांबल्यावर हळूहळू झिरपून, हवा आत शिरे आणि गाडी पुन्हा धावे. म्हणूनच झुलैहोकडे थांबलं की तेवढ्यापुरतं बरं वाटे.

त्यांनी झाकण खिशात टाकलं, टाकीला फडका खुपसला. गाडी शहरात जाऊन आली, एकदाही खोकली नाही. परतताना उस्ता माझी चहापत्ती मांडीवर घेऊन बसले होते, लहान मूल धरावं तशी.

संध्याकाळी ते चहाखान्यात आले आणि दाराशी, चपलांजवळ बसले. मी बघितलं आणि किटली खालीच ठेवली.

"झुलैहोचं पेट्रोल चांगलं आहे," ते म्हणाले. "दोष माझ्या झाकणात होता. मी तिच्यावर आळ घेतला."

कोसिम न्हाव्याने मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात मोठं मन! विधवेची अब्रू राखायला माणूस स्वतःच्या कामाला नावं ठेवतोय!"

"अरे, खरंच सांगतोय."

"झाकणाने कधी इंजिन मरतं का, उस्ता? आम्ही काय दूध पितो?"

"सांग त्यांना," उस्ता माझ्याकडे वळले. मी सांगितलं. हवा, टाकी, आवाज, सगळं. कोसिम म्हणाला, "समावारवाला आता इंजिनाचा डॉक्टर झाला!" सगळे खदखदून हसले. तुरोबने तर उस्तांना दंडाला धरून उठवलं आणि दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागेवर नेऊन बसवलं. पाठीशी उशी दिली. उस्ता तिथे बसले. चहाला हात लावला नाही.

सकाळी मी नाक्यावर पाव घ्यायला गेलो, तर उस्ता झुलैहोच्या स्टुलासमोर टोपी हातात घेऊन उभे.

"ऐकलं मी," ती बाटल्या पुसत म्हणाली. "काल तुम्ही माझ्यावर दया केलीत म्हणे."

"दया नाही. खरं तेच बोललो."

"आणि पटलं कुणाला?"

तिने पुसलेली बाटली स्टुलावर ठेवली.

"मला चोर म्हणालात तेव्हा सगळ्यांना लगेच पटलं. तेव्हा तुम्ही रस्त्यात होतात, उस्ता. काल चहाखान्यात होतात. तिथे मला बाईमाणसाला येता येत नाही आणि माझी गिऱ्हाइकंही तिथे बसत नाहीत."

उस्तांनी टोपी डोक्यावर ठेवली, तिची एक बाटली उचलली आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. झुलैहो म्हणाली, "बसा तरी." ते बसले नाहीत.

बाजाराचा दिवस. गाड्या येत होत्या, उस्तांना ओळखून वेग कमी करत होत्या. आतली माणसं छातीवर हात ठेवून सलाम करत होती. उत्तराला छातीवर हात न्यायचा, तर उस्तांचे दोन्ही हात बाटलीत गुंतलेले. ते नुसती मान खाली घालत होते, आणि बाटली आणखी वर धरत होते.