मुदखेडची राणी

स्टार्टरचं झाकण उघडलं आणि सुदामनं मान मागं घेतली. आत पट्ट्यांच्या फटीत मुंग्या चिरडून त्यांचा काळा थर बसला होता. मोटार उचलत नव्हती ती त्यामुळंच. थंडीत मुंग्या उबेला म्हणून स्टार्टरमध्ये शिरतात आणि बटन दाबलं की पट्ट्यांत सापडतात. मुदखेडच्या आसपासच्या शिवारात सुदामची निम्मी कामं याच आजाराची.

“पावडर आनू का?” संगमेश्वर विहिरीच्या काठावरून ओरडला. शेत त्याचं होतं. “घरात हाय. एकदा टाकली की सगळ्या खलास.”

“राहू द्या मालक. ब्रश हाय माझ्यापाशी.”

सुदामनं मेन स्विच पाडल्याची पुन्हा खात्री केली आणि ब्रशनं जिवंत मुंग्या हळूच एका कागदावर झाडल्या. कागद बांधावर नेऊन झटकला. संगमेश्वर हसायला लागला.

“तू मोटारीचा डॉक्टर हायस का मुंग्यांचा, तेच कळंना बघ.”

“दोघांचाबी,” सुदाम म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर ‘लातूर सर’ अशी अक्षरं दिसली तसा त्याचा चेहरा उजळला. आठवडाभर तो हा नंबर लावत होता आणि कोणी उचलत नव्हतं.

“सर! कुठं होता तुम्ही? मी किती फोन लावून राहिलो!”

पलीकडून बाईचा आवाज आला. “सुदामदादा ना? मी अपूर्वा. सरांची मुलगी.” मग ती म्हणाली, “बाबा गेले, दादा. झोपेतच गेले. सगळ्यांना कळवता कळवता तुमचं राहूनच गेलं. माफ करा.”

सुदाम तिथंच स्टार्टरच्या खांबाला टेकून खाली बसला. अपूर्वा पुढं म्हणाली, “आईला मी पुण्याला घेऊन जातेय. घर बंद करायचंय. पण बाबांच्या त्या मुंग्या आहेत. त्यांचं काय करायचं ते आम्हाला कोणालाच माहीत नाही. तुम्ही न्याल का?”

“नेतो,” सुदाम म्हणाला. “उद्याच येतो.”

राघवेंद्र सर लातूरच्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची आणि सुदामची ओळख फोनवरची. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका स्टार्टरमध्ये सुदामला एक भलीमोठी काळी मुंगी सापडली होती. जाड पोटाची, पाठीवर पंख गळाल्याच्या खुणा असलेली. मारवेना म्हणून त्यानं ती काचेच्या बाटलीत ठेवली, फोटो काढला आणि मोबाईलवर मुंग्या पाळणाऱ्यांचा एक गट सापडला त्यात टाकला. सगळे इंग्रजीत काहीबाही लिहीत होते. एकट्या सरांनी मराठीत लिहिलं, ‘अहो, ही राणी आहे. अंधारात ठेवा, पाणी द्या आणि महिनाभर तिच्याकडे अजिबात बघू नका.’

सुदामला महिनाभर दम निघाला नाही, पण राणीनं अंडी घातलीच. त्यातून पहिल्या बारक्या मुंग्या निघाल्या त्या दिवशी त्यानं सरांना फोन केला आणि मग तो फोन कधी थांबलाच नाही. सुदामची बायको सत्यशीला म्हणायची, “माझ्याशी बोलायला तुमच्याकडं दोन शब्द न्हाईत, अन् त्या सरांशी तासभर मुंग्यांच्या गोष्टी!” पण तीच अंगणवाडीतून येताना मेलेली झुरळं कागदात बांधून आणायची. मुंग्यांना ती लागत.

दोघं प्रत्यक्ष भेटले ते एकदाच. सर कुणाच्या तरी लग्नाला नांदेडला आले होते. सुदाम बसस्टँडवर गेला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी दोघांनी अर्धा अर्धा ग्लास घेतला आणि सुदामनं खिशातून कापसाचा बोळा लावलेली काचेची नळी काढली. आत मुंगळ्याची नवी राणी होती. सरांनी ती नवजात पोरासारखी दोन्ही हातांत घेतली. “हिचं नाव मुदखेडची,” ते म्हणाले.

तीच मुदखेडची आता बघायला मिळणार, हे अहमदपूरच्या पुढं बसमध्ये सुदामच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. माणूस गेलंय आणि आपल्याला मुंगीची ओढ.

सरांचं घर जुन्या कॉलनीत, तळमजल्यावर होतं. दार अपूर्वानं उघडलं. आत गोदावरीकाकू, सरांच्या पत्नी, सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. सुदाम वाकून पाया पडला. काकूंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं.

“म्हणजे तुम्ही सुदाम. मला वाटायचं तुम्ही म्हातारे असाल. ह्यांचा मित्र म्हणजे म्हाताराच असणार ना.”

“सर लई बोलायचे तुमच्याबद्दल, काकू.”

“माझ्याबद्दल?”

“हाव. तुम्ही साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवता म्हनून. मुंग्या लागू नयेत म्हनून काकू ताटली भरतात अन् मी शेजारच्या खोलीत मुंग्यांना साखर घालतो, असं सांगून हसायचे.”

काकूंच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. अपूर्वा पटकन चहा ठेवायला आत गेली.

मागची खोली छोटी, पण लख्ख होती. फळ्यांवर प्लास्टरच्या चौकटी, त्यांवर काच आणि काचेवर लाल कागद. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळं त्यांना वाटतं आपण अंधारातच आहोत. हे सुदाम सरांकडूनच शिकला होता. प्रत्येक चौकटीवर सरांच्या वळणदार अक्षरात नाव होतं. धान्य साठवणाऱ्या मुंग्यांच्या वसाहतीला ‘गंजगोलाई’, लातूरच्या बाजारपेठेचं नाव. तिथं बाजरीच्या दाण्यांच्या कोठ्या भरल्या होत्या आणि ये-जा खरंच बाजारासारखी होती. शेपूट वर करून चालणाऱ्या चिडखोर मुंग्यांना ‘औसा नाका’. आणि खिडकीशेजारच्या फळीवर, खुर्चीसमोर, सगळ्यांत मोठी चौकट. ‘मुदखेडची’.

“बाकीच्या सगळ्या घेऊन जा,” काकू दारातून म्हणाल्या. “ही मी पुण्याला नेणार.”

अपूर्वा चहाचा ट्रे घेऊन थबकली. “आई, तू? तू तर या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नव्हतीस!”

“नव्हते टाकत. दारातून बघत होते. ह्याच खुर्चीत बसून हे ह्यांच्याशी बोलायचे.” त्यांनी सुदामकडं बोट केलं. “मी चहा आणायचे, इथं दारातच ठेवायचे. हे गेल्यापासून मीच रोज साखरपाणी घालतेय. घाबरत घाबरत. बघा ना, बरोबर घालते का ते. आणि त्या किती शहाण्या आहेत! बघा, राणीभोवती कशा जमल्यात. सारख्या चाटतायत तिला. हलतसुद्धा नाहीत.”

सुदामनं लाल कागद थोडा वर उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं. पंधरा-वीस मुंगळे राणीला वेढून होते. तिचे पाय पोटाखाली दुमडले होते. मिशा एका बाजूला पडल्या होत्या. मुंगळे चाटत होते, तिला जरा सरकवत होते, पुन्हा चाटत होते. तिच्या अंगावरची चमक गेली होती.

त्यानं कागद खाली सोडला. भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं, तरी पुसलं.

नळी हातात देताना सरांचा चेहरा कसा झाला होता ते त्याला दिसलं. हे काकूंना सांगायचं कशाला, असंही वाटलं. पुण्याला जाऊ दे घेऊन. महिन्या-दोन महिन्यांनी कळेल तेव्हा कळेल. पण तेव्हा त्या एकट्या असतील आणि त्यांना वाटेल की आपल्याच हातून काही चुकलं.

“काकू, बसा जरा,” तो म्हणाला.

त्या खुर्चीत बसल्या. सरांच्याच.

“राणी गेली हो काकू. दोन-चार दिवस झाले आसतील. तुमचं काही चुकलं न्हाई. साखरपाणी बरोबर हाय, पाणी हाय, सगळं हाय. तिचं वय झालं होतं, बस.”

“पण ह्या चाटतायत तिला.”

“त्यांना अजून कळलं न्हाई. तिच्या अंगाचा वास हाय तोवर त्या तिला जित्तीच समजत्यात.”

काकू काचेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “मग आता ह्यांचं काय होतं? दुसरी राणी आणून ठेवायची?”

“परकी राणी ह्या घेत न्हाईत. मारून टाकत्यात.”

“मग?”

“आत अळ्या हायत, त्यातून अजून थोड्या निघतील. तेवढ्याच. मग एकेक करून…” त्यानं भिंग खिशात घातलं. “वर्षभर चालतील कदाचित. काम करत राहतील. पिल्लं सांभाळतील, खातील-पितील. फक्त नवीन कोणी येनार न्हाई.”

अपूर्वानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. “आई, मग ह्याही दादांना देऊन टाक. तुला रोज बघून त्रास होईल. शिवाय प्रवासात त्या टिकायच्या नाहीत.”

“प्रवास कोण करतंय?” काकू म्हणाल्या. “मी इथंच राहते.”

“आई! शनिवारची गाडी ठरलीय. मुंग्यांसाठी राहणार आहेस इथं?”

“अगं, हे गेल्यापासून सगळे माझ्याकडं बघत बसलेत. खाल्लं का, झोपले का, रडले का. आता मला कोणाकडं तरी बघू दे.”

अपूर्वानं आईकडं बघितलं आणि चहाचे कप उचलायला लागली.

दुपारभर सुदाम काकूंना शिकवत राहिला. कापूस किती ओला करायचा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा किती बारीक, काचेच्या कडेला तेलाचं बोट कसं फिरवायचं म्हणजे त्या वर चढून बाहेर येत नाहीत. काकूंचा हात हळूहळू सरावला. एक मुंगळा त्यांच्या बोटावर चढला तेव्हा त्या किंचाळल्या नाहीत. बोट काचेला टेकवून तो उतरायची वाट बघत राहिल्या.

“ह्यांनी मला कितीदा बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “ये, बघ तरी. मी म्हणायचे, घरात साप पाळला असता तर निदान चार लोक बघायला आले असते.”

सुदाम हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं. काकूंनी ते बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

गंजगोलाई आणि औसा नाका मांडीवर घेऊन तो संध्याकाळच्या बसनं परतला. त्यानंतर फोन चालू राहिला. नंबर तोच, आवाज काकूंचा. “सुदाम, आज एका कोषातून नवी निघाली. पांढरी फटक आहे अजून.” “सुदाम, लाइट गेलीय, फार उकडतंय, ओलं फडकं टाकू का?” पुढं पुढं त्या मुंग्यांबरोबर इतरही सांगू लागल्या. भाजीत मीठ जास्त पडलं, शेजारीण गाणं शिकायला जाते, ह्यांचे ब्रश मी अजून धुऊन ठेवते. सत्यशीलानं एकदा फोन हातातून घेतला आणि त्या दोघींचंच अर्धा तास चाललं.

पावसाळ्यानंतर काकू मुंग्यांबद्दल कमी बोलू लागल्या. सुदामनंही विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर तांब्याची तार आणायला तो लातूरला गेला आणि वाट वाकडी करून काकूंकडं गेला. दारात अपूर्वाची गाडी उभी होती. आत सामान बांधून ठेवलं होतं. काकूंनी त्याला मागच्या खोलीत नेलं. फळ्या रिकाम्या होत्या. खिडकीशेजारची चौकट तेवढी होती, लाल कागद काढलेला, सगळी दालनं उघडी आणि स्वच्छ.

“शेवटची परवा गेली,” काकू म्हणाल्या. “एकटीच होती बरेच दिवस. तरी रोज सगळीकडं फिरून यायची.”

सुदाम चौकटीवर वाकला.

“त्यांचं एक असतं ना, कोणी मेलं की उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवतात. सगळ्यांना नेलं होतं त्यांनी तसंच. पण हिला उचलायला कोणी उरलं नव्हतं.” काकूंनी चौकटीच्या एका कोपऱ्याकडं बोट केलं. “मग मीच सकाळी आंघोळ केली, कागदाच्या कडेवर तिला घेतलं आणि तिथं नेऊन ठेवलं. बाकीच्यांजवळ.”

कोपऱ्यात काळ्या, वाळलेल्या अंगांची बारीकशी रास होती. तिच्या कडेला एक मुंगी जरा वेगळी, सरळ ठेवलेली होती.