सोडलेलं सीताफळ

शहराबाहेरच्या गंडीपेटच्या तलावात एकदा नावेत बसायचं, ही तारामतीबाईंची जुनी हौस. मुलगा मधुकर दर कार्तिकात म्हणायचा, "आई, यंदा नक्की," आणि दर कार्तिकात ते राहून जायचं. मग एके दिवशी तो शिकणं सोडून बार्शीकडे, निजामाच्या हद्दीवरच्या सत्याग्रह्यांच्या कॅंपात निघून गेला. अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात त्यांचे यजमान एकनाथराव कचेरीतून आले आणि जोडेही न काढता ओसरीवर बसून म्हणाले, "हद्दीवर गोळीबार झाला. आपला मधुकर गेला."

देह मिळाला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. काशीला जाऊन आवडीचं काही सोडणं त्या दिवसांत शक्य नव्हतं, तेव्हा तारामतीबाईंनी घरच्या देवापुढेच पाणी सोडलं: मधुकरच्या आवडीचं सीताफळ या जन्मी खाणार नाही.

दीड महिन्यात निजामाचं राज्य गेलं. महसूल खात्यात पेशकार असलेल्या एकनाथरावांची रूमी टोपी ट्रंकेत गेली आणि आठवड्याच्या आत डोक्यावर गांधी टोपी आली. टोपीचं सोडा, ती पुष्कळांनी बदलली. पण ज्या मुलाचं नाव मोठ्यानं घ्यायलाही त्यांनी घरात बंदी केली होती, त्याचा हार घातलेला फोटो आता दिवाणखान्यात आला. सभेत 'हुतात्म्याचे वडील' म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवू लागले. पुढे बढतीही मिळाली. तारामतीबाईंना या सगळ्याचा राग यायचा, आणि राग आला म्हणून लाजही वाटायची.

पुढल्या वर्षीच्या कार्तिकात शेजारचे भगवंतराव आणि मालनबाई आवळीभोजनाला गंडीपेटला निघाले, तेव्हा या दोघांनाही त्यांनी बळंच ओढलं. मालनबाईंचा भाचा हिम्मतराव त्याच सकाळी परभणीहून पहिल्यांदाच आला होता, तोही प्रवासाचे कपडे न बदलता स्टेशनावरून थेट बसमध्ये चढला. वाटेत गोवळकोंडा आला, कुतुबशाही घुमट आले. भगवंतराव भाच्याला इतिहास सांगत होते आणि एकनाथराव त्यांचं प्रत्येक साल दुरुस्त करत होते.

तलाव मात्र दृष्ट लागावा असा. पलीकडे एकावर एक रचल्यासारख्या दगडांच्या टेकड्या, बंधाऱ्यावर फिरायला आलेली माणसं, पोरांच्या पोहण्याच्या शर्यती. मालनबाईंनी आवळीखाली चूल मांडली, शेजारी भाच्यानं आणलेली सीताफळांची टोपली ठेवली. एकनाथरावांना पाण्याची भीती, ते काठी टेकून बंधाऱ्यावर उभे राहिले.

"काकू, बसता का नावेत?" हिम्मतरावानं विचारलं. "मी वल्हवतो. येतं मला."

नाववाल्यानं हसून वल्ही त्याच्या हाती दिली. "बैठो अम्मा, डरो नक्को," तो म्हणाला. तारामतीबाई बसल्या. मधुकर असता तर, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तलावाच्या मध्यावर हिम्मतरावानं वल्ही थांबवली आणि खिशातून सीताफळ काढून पुढे केलं.

"नको रे बाबा. सोडलंय मी. माझ्या मुलासाठी."

तो वरमला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "माफ करा काकू. माझ्या एका दोस्तानंबी असंच आंबाडीची भाजी सोडली, त्याच्या आईसाठी. लसणाची चरचरीत फोडणी फक्त तिलाच जमायची म्हणतो. बार्शीच्या कॅंपात आम्ही बरोबर होतो. वल्हवायला त्यानंच शिकवलं मला. आता परभणीला मास्तर हाय. इकडचाच हाय तो, काचीगुड्याचा. स्टेशनामागं घर, दारात बदामाचं झाड."

काचीगुड्यात स्टेशनामागे बदामाचं झाड एकाच दारात होतं, त्यांच्या.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"मधुकर. लई परेशान झाला बिचारा. पोलीस ॲक्शननंतर बापाला कचेरीत तार करून आला. बाप स्टेशनावरच भेटला. म्हणाला, तुझ्या धसक्यानं आई गेली, आता घराची पायरी चढू नको. त्याच गाडीनं परत फिरला तो. गेल्या भाद्रपदात अविधवा नवमीला आमच्याच घरी आईचं श्राद्ध केलं. माझ्या आईला सवाष्ण म्हणून जेवू घातलं, साडीचोळी दिली."

तारामतीबाईंनी कपाळाला हात लावला. कुंकू ओलं होतं, बोटाला लागलं. आपलं श्राद्ध झालं! आपण जिवंत, पोरगा जिवंत, आणि दोघं एकमेकांच्या नावानं घास सोडून बसलोय. त्या नुसत्या त्या लाल बोटाकडे बघत राहिल्या.

"कधी पाहिलंस त्याला?"

"काल. गाडीवर सोडायला आला होता ना." आणि मग त्यानं काकूंचा चेहरा पाहिला. "काकू, काय झालं?"

"नाव काठाला घे."

बंधाऱ्यावरची पांढरी टोपी हळूहळू जवळ येत गेली. नाव लागली तसा एकनाथरावांनी हात पुढे केला. "सांभाळून, पाय घसरेल."

तारामतीबाईंनी तो हात धरला नाही. त्या ओल्या पायांनी थेट आवळीखाली गेल्या, टोपलीतलं पिकलेलं सीताफळ उचललं, दोन्ही हातांनी फोडलं आणि गर तोंडात घातला.

"अगंबाई!" मालनबाई उठल्याच. "तुम्ही सोडलंय ना हे?"

"सोडलं होतं. मेलेल्या मुलासाठी." त्यांनी बिया तळहातावर काढल्या. "हिम्मतराव काल त्याला परभणीत भेटून आलेत."

भगवंतराव एकनाथरावांकडे बघतच राहिले. एकनाथरावांच्या हातातली काठी पडली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत.

"कॅंपात गेलेल्यांच्या बापांची यादी निघाली होती, तारा," ते कसंबसं म्हणाले. "मुलगा वारला असं लिहून दिलं म्हणून नोकरी राहिली."

"तेव्हा नोकरी होती. आणि तो स्टेशनावर उतरला तेव्हा?"

एकनाथरावांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली.

तारामतीबाईंनी टोपलीतली चार सीताफळं पदरात बांधली. हिम्मतराव पाण्याच्या कडेला तसाच उभा होता, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"परभणीला जायला मनमाडची गाडी किती वाजता सुटते रे?" त्यांनी विचारलं. "आणि तिथल्या बाजारात आंबाडी मिळते ना?"