उष्टावणासाठी राखलेल्या शेंगा

मोहना झोपली आहे, तेवढ्यात लिहिते.

लेकीला सातवा महिना लागला. रविवारी उष्टावण होतं, आणि सोमवारपासून मी परत मकरपुऱ्याला, कंपनीत. रजा संपत होती त्याचं एवढं नव्हतं. दूध आटेल याची धास्ती होती. मला तिला अजून पाजायचं होतं. पंप आणून ठेवला होता, पण कंपनीत तो घेऊन बसायचं कुठे, हे विचारायला जीभ रेटत नव्हती.

"आता खिमट खाईल, पेज पिईल," आई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "तू कामावर गेलीस की सुटेल आपोआप. आमचं नाही का सुटलं?"

गोत्रीच्या आमच्या घरामागे एक लहानसा वाफा आहे. दिवाळीआधी मी तिथे वेलाच्या फरसबीचं बी टोचलं, नवऱ्याने, केयूरने, सुतळ्या ताणून दिल्या. मोहनाला कडेवर घेऊन रोज बघायचे, शेंडा कुठवर गेला. डिसेंबरात फुलं आली, मग कोवळ्या शेंगा. मी एकही तोडू दिली नाही. लेकीच्या उष्टावणाला घरच्याच शेंगांची भाजी वाढायची होती.

"दोन तरी दे," केयूर म्हणायचा. "नुसतं बघून किती दिवस जेवू?"

"रविवारी."

गुरुवारी बघते तर शेंगा फुगून टणक झालेल्या, आणि फूल एकही नाही. पाणी घातलं, खत घातलं. काही नाही. शेजारच्या गुजराती मंदाकिनीबेन कुंपणापलीकडून बघत होत्या.

"बेटा, तोडती केम नथी? तोडत का नाहीस? राखून ठेवलंस ना, वेलाला वाटतं, बी झालं, काम पत्युं, संपलं. मग कशाला फुलेल? रोज तोड, रोज देईल."

आई मागच्या पायरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनीही ऐकलं.

मी सगळ्या शेंगा उतरवल्या. मग तिथेच बसून साहेबांना मेसेज लिहिला. आधी 'वैयक्तिक कारणासाठी' असं लिहिलं होतं, ते खोडलं. 'दिवसातून दोनदा वीस मिनिटं, आतून कडी लागणारी खोली हवी. बाळासाठी दूध काढायला.' पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं, 'रेकॉर्ड रूम चालेल? चावी देतो.'

रविवारी मामाने खीर भरवली, मोहनाने निम्मी त्याच्याच शर्टावर काढली. शेंगांचे नुसते दोरे झाले होते. आईंनी दाणे सोलून उसळ केली.

"यासाठी थांबवलंस?" केयूर म्हणाला, पण दोनदा वाढून घेतली.

सोमवारी सकाळी ओट्यावर माझा डबा भरलेला होता. शेजारी पंपाच्या दोन्ही बाटल्या, उकळून, स्वच्छ फडक्यावर पालथ्या.

"झाकणं घट्ट लाव गं," आई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी शाळेत शिकवायचे तेव्हा बाथरूममध्ये दूध पिळून टाकायचे. केयूर पाच महिन्यांचा होता."