डॉटीसाठी आणलेला निरोप

"तो बघ, परत आलाय," ग्लेनिस तिकीटखिडकीत डोकं घालून कुजबुजली. "आज तर पिशवीपण आहे हातात."

"अगं, म्हातारा माणूस. येत असेल पाय मोकळे करायला," आतून लिआन म्हणाली.

"तिकीट काढून? सरळ वॉम्बॅटच्या कुंपणाशी जातो, इकडेतिकडे बघतो नि निघून जातो. काहीतरी काळंबेरं आहे."

प्राण्यांची निगा राखता राखता ग्लेनिसचा जन्म या अभयारण्यात गेला होता. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगाला निलगिरीच्या पाल्याचा वास येतो. माणसांवर तिचा विश्वासही होता; पण मागच्या उन्हाळ्यात एका गोडबोल्या जोडप्यानं मोज्यांत घालून इथले दुर्मिळ सरडे पळवले. सरड्यांकडची वाट त्यांना हसून दाखवली होती ती ग्लेनिसनंच. तेव्हापासून कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं, तरी तिची नजर आधी त्याच्या खिशांकडे जाई.

काखेत कोआलांसाठीच्या डहाळ्या मारून ती त्याच्या मागोमाग निघाली. कोआलांपाशी फोटोंची झुंबड होती. म्हाताऱ्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छोट्या अस्वलासारख्या, बिळात राहणाऱ्या वॉम्बॅटच्या बुटक्या भिंतीशी तो थांबला, मागे वळून पाहिलं आणि पिशवीत हात घातला.

"थांबा! काय आहे त्यात?"

तो दचकला. "स्वेटर आहे, बाई. बायकोचा."

"इकडे आणा."

निळा, विटलेला स्वेटर. गळा शिवून त्याची पिशवी केलेली. ग्लेनिसनं बाह्या उलट्या केल्या, शिवणी चाचपल्या. काही निघालं नाही.

"तुमची ही वॉम्बॅट, डॉटी, यातच वाढली," तो म्हणाला. "मी मर्व्ह. हिची आई रस्त्यावर ट्रकखाली मेली, तेव्हा ही तिच्या पोटपिशवीत जिवंत होती. तळहाताएवढी. माझ्या बेरिलनं घरी आणून वाढवली. पाय अधू राहिला, म्हणून रानात न सोडता इथं दिली. बेरिल वारली. म्हटलं, हिला कळवावं. पण दर वेळी इथवर यायचो नि धीर सुटायचा."

"मग फाटकावर सांगायचं नाही होय?"

"काय सांगू? वॉम्बॅटला निरोप द्यायचाय म्हणून? तुम्ही वेड्यात काढलं असतं मला."

बाहेरची वस्तू आत जाऊ द्यायची नाही, हा नियम ग्लेनिसनंच नव्या लोकांना घोकून घोकून शिकवलेला. तिनं कमरेची किल्ली काढली आणि बाजूचं दार उघडलं.

मर्व्ह गुडघे धरत खाली बसला. "डॉटे... ए डॉटे, बघ काय आणलंय."

डॉटी लंगडत बिळाबाहेर आली. स्वेटर हुंगला. पुन्हा हुंगला. मग फटकन शिंकली, ओंडक्यावर ढुंगण घासलं आणि पाठ फिरवून गवत उपटायला लागली.

"झोपेत असेल," ग्लेनिस घाईनं म्हणाली. "दुपारची सुस्तच असतात ही. उद्या या ना, संध्याकाळी आपण..."

"नको, बाई." मर्व्ह डॉटीकडेच पाहत होता. "बेरिल म्हणायची, पिल्लू आपल्याला विसरलं, की समजायचं नीट वाढवलं. नीटच वाढवलं तिनं."

तो स्वेटराची घडी घालू लागला. बाह्या सारख्या निसटत होत्या. ग्लेनिसनं दुसरं टोक धरलं. चादरीची घालतात तशी दोघांनी मिळून घडी घातली. एवढ्याशा स्वेटराला दोन माणसं लागत नाहीत; पण घडी झाल्यावरही आपलं टोक आधी कुणी सोडलं नाही.