डावा गुडघा

“आप्पा, तुमी समद्या जत्रेला हसवता, मग घरी कावून न्हाई?”

मदरशातल्या, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेतल्या, मैत्रिणींनी पैज लावून दिलेला प्रश्न गंगासागरने एका दमात विचारून टाकला. तिचा बाप, आसाराम सोंगाड्या, तोंडावरची सफेती पुसत होता. त्याचा हात थांबला नाही.

“शेतातून घरी येऊन कुणी औत हाकतं का?”

त्याच संध्याकाळी नारायणगडच्या जत्रेत मुक्या सिनेमाचा तंबू लागला. आसारामच्या तमाशाच्या फडासमोर जेमतेम वीस माणसं उरली, तसा तोही बायको छबुबाई आणि लेकीला घेऊन तंबूत शिरला. पडद्यावर एक गलेलठ्ठ गोरा बशांची चवड सावरत होता. तंबूवाला ओरडून सांगत होता, “हा चेक मुलखाचा. आधी खानावळीत वाढपी, मग नाटकात सोंगाड्या, आता सिनेमात. जागचा न हलता साऱ्या दुनियेत फिरतो.”

गोरा पडला. बशा उडाल्या. आणि आसाराम मांडीवर थाप मारून हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

बापाच्या दाढा गंगासागरने पहिल्यांदाच पाहिल्या. उठून पडदा टराटरा फाडावा, असं तिला झालं. लहानपणापासून ती घरात नकला करत आली होती. आप्पांच्या ओठाचा कोपराही कधी हलला नव्हता.

सकाळी तिने घरातल्या ताटल्या हातावर रचल्या, त्या गोऱ्यासारखी डुलत चालली आणि ओसरीवर आपटली. ताटल्या अंगणभर झाल्या.

“भवाने, मदरसा न्हाई का आज?” छबुबाई चुलीपासून ओरडली.

आसाराम हसला नाही.

“त्याच्यावानी पडू नको. त्यो आधी उजवीकडं झुकतो, मग उजव्या गुडघ्यावर येतो. पडणार हाय ते आधीच कळतं.”

“मग काल लई हसला की तुमी.”

तो ताटल्या गोळा करू लागला. “समदे हसत होते. सोंगाड्या एकटाच गप बसला, तर लोकांना कळतं.”

काय कळतं, हे तिला विचारावं लागलं नाही. त्या गोऱ्याचा हेवा रात्रभर तिलाही जाळत होता.

आसारामने धोतर खोचलं, ताटल्या हातावर घेतल्या आणि घरात, थेट चुलीसमोर, डाव्या गुडघ्यावर असा काही कोसळला की छबुबाईची भाकरी तव्याबाहेर गेली. हसू दाबायला तिने पदर तोंडात कोंबला. ताटली मात्र एकही पडली नव्हती.

गंगासागरने आपल्या गुडघ्याची माती झटकली.

“माय, आप्पा, ऐका. आज फड तंबूच्या दाराशीच लावायचा. ताटल्या घेऊन मी पडणार.”