दारातली चप्पल

"ताई, चप्पल ठेव हं दारात. मला जरा उशीर होईल."

"आज नाही ठेवणार."

पालिकेचे सभासद सिमेंटवाले जिना उतरता उतरता थांबले आणि पोट धरून हसले. सभागृहाच्या दाराशी स्टूल टाकून बसलेली ही बाई त्यांची सख्खी थोरली बहीण. गावाची दारमावशी. ती जे बोलते त्यातलं निम्मं खोटं आणि उरलेलं वाढवलेलं, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. एक सभासद भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांची मिशी काळी होती आणि खाली बसले तेव्हा पांढरीशुभ्र झाली, हे तिनंच सांगितलेलं. पाणीपुरवठ्यावरची चर्चा ऐकून झरोक्यातली कबुतरं घेरी येऊन पडली आणि तिनं त्यांना पाणी शिंपडून शुद्धीवर आणलं, हेही तिचंच. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा, म्हणायची.

"हसतोस काय बाळ्या? खरं सांगतेय. घंटा थांबली की दार बंद."

"बरं बरं. कबुतरांना माझा नमस्कार सांग."

आणि गेले. बाजारापलीकडे त्यांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब पडत होता, तिसऱ्या मजल्याचा. कालवलेलं सिमेंट काही कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही.

आता ही चप्पल काय भानगड आहे ते सांगायला हवं. पालिकेत मतदानाच्या आधी घंटा वाजते. कोणी चहा पीत असतं, कोणी गॅलरीत फोनवर कुजबुजत असतं, त्या सगळ्यांनी ती वाजतेय तोवर आत यायचं. थांबली की दार बंद. बाहेर राहिला तो गैरहजर. नियम हा एवढाच. पण मावशीचा जीव मऊ. नोकरीला लागली त्याच आठवड्यात एक म्हातारे सभासद धापा टाकत जिना चढताना तिला दिसले आणि तिनं पायातली चप्पल काढून दाराच्या फटीत सरकवली. दार लागल्यासारखं दिसायचं, लागलेलं नसायचं. झालं! तेव्हापासून सगळे उशिरा यायला शिकले. अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, चपला झिजून झिजून बदलल्या, पण ती फट काही बुजली नाही.

आत वाद रंगला होता. मावशीनं दाराला कान लावला.

तीन वर्षांपूर्वी पालिकेनं घरपट्टीत सूट दिली होती. तीनच वर्षं, असं म्हणून. आता मुदत संपत आली होती आणि तिजोरीला पडलेलं भोक इतकं मोठं झालं होतं, की मावशीच्या म्हणण्याप्रमाणे परवा त्यात खुद्द खजिनदार पडले आणि त्यांना दोरानं वर काढावं लागलं. आजचा ठराव होता, की सूट अशीच पुढं चालू ठेवावी आणि तूट भरून काढायला पालिकेचं पाळणाघर बंद करावं.

"लोकांच्या खिशात पैसा राहिला की बाजार वाढतो," कापडवाले टेबलावर मूठ आपटून सांगत होते. "बाजार वाढला की तिजोरी आपोआप भरते!"

"तीन वर्षं हेच ऐकतेय मी," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वर्गातलाच होता. "आपोआप भरणारी तिजोरी कुणी पाहिलीय का इथं? हात वर करा."

"सूट काढली तर मोठी माणसं शेजारच्या गावात जातील!"

"जाऊ द्या की. बंगले काय डोक्यावर घेऊन जाणार आहेत?"

हशा झाला. मग कापडवाले म्हणाले, "आणि गरिबाचं काय हो बाई? त्याचीही पट्टी वाढणारच आहे."

बाहेर मावशीचा चेहरा उतरला. कारण ते खरं होतं. तिच्या दोन खोल्यांचीही पट्टी वाढणार होती. शेजारची इस्त्रीवाली सकाळीच म्हणाली होती, "मावशी, कोळसा विकत घेऊ की पट्टी भरू ते सांग."

पण घरपट्टीच्या सवलतीत मावशीचं जे वाचत होतं त्यात घरात साबण येत होता. बाळ्याचं जे वाचत होतं त्यात मजला चढत होता. आणि पाळणाघरात ढब्बी होती. ढब्बी म्हणजे नात, दीड वर्षाची, गालांच्या ओझ्यानं पुढं झुकून चालणारी. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. पाळणाघर बंद म्हणजे कारखाना बंद, आणि जावयानं तर कधीच पाठ फिरवलेली. त्याच्याही आधी, मावशीचा नवरा गेला तेव्हा ढब्बीच्या आईलाच त्या पाळणाघरात ठेवून मावशी या स्टुलावर येऊन बसली होती.

अध्यक्ष सोडून सभासद अकरा. पाच सूट चालू ठेवण्याच्या बाजूनं, पाच विरुद्ध. अकरावे सिमेंटवाले, तेही सूट हवी म्हणणारे. मतं बरोबरीत आली तर ठराव पडतो.

घंटा वाजायला लागली.

मावशी उठली. सवयीनं डावा पाय चपलेतून बाहेर आला, सवयीनं ती वाकलीसुद्धा. खाली फाटकात बाळ्याच्या स्कूटरचा आवाज आला. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. हातात चप्पल धरून तिनं जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग चप्पल खाली टाकली आणि पाय आत घातला.

घंटा थांबली. तिनं दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिली.

सिमेंटवाले दोन दोन पायऱ्या चढत आले. "ताई! चप्पल!"

"पायात आहे."

"अगं, चेष्टा पुरे. सरक."

"मतदान चालू आहे. शांतता राखा."

"मी सभासद आहे!"

"सभासद आत असतात."

त्यांनी तिच्या खांद्यावरून हात घालून दारावर थाप मारली. आतून कुणी हललं नाही. आतल्यांनाही नियम होता, मतदान संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

"मुद्दाम केलंस तू."

"हो."

"आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं की. याच जिन्यात. तू कबुतरांना नमस्कार धाडलास."

"तुझं बोलणं कोण खरं मानतं गं? जन्मभर थापा मारल्यास!"

"मारल्या ना. आज नाही मारली."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "नोकरी जाईल तुझी, सांगून ठेवतो."

"कशाबद्दल? नियम पाळला म्हणून? तसं लिहून दे, मी भिंतीवर लावते."

"नातीसाठी केलंस हे सगळं."

"मग कुणासाठी करू? तुझ्या तिसऱ्या मजल्यासाठी?"

आत चिटणीस एकेक नाव पुकारत होते. सिमेंटवाल्यांचं नाव आलं आणि पाठोपाठ मोठ्यानं 'गैरहजर' ऐकू आलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. लहानपणी गुडघा फोडून घेऊन यायचे तेव्हा असाच यायचा.

"ताई. मी भाऊ आहे ना तुझा?"

मावशीचा हात कडीवर गेला. गेला, हे खरं. कडी गार होती. मग तिनं तो हात परत पदराखाली घेतला.

"आता तू गैरहजर सभासद आहेस. मतदान झालं की परत भाऊ हो. मी आहेच."

आत बाकं वाजली. कुणाची वाजली ते दोघांनाही कळलं, ठराव पडला होता. तिनं कडी काढली आणि बाजूला झाली. सिमेंटवाले आत गेलेच नाहीत. आले तसेच जिना उतरून गेले.

नंतर आत गहजब झाला. कापडवाल्यांनी फेरमतदान मागितलं, मावशीला कामावरून काढा म्हणून ओरडले. अध्यक्षांनी नियम वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "त्यांनी नियम पाळलाय. त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ते आपणच सुचवा." कापडवाले उभे होते ते खाली बसले.

संध्याकाळी गल्लीत इस्त्रीवालीनं मान वर केली नाही. "निजव आता नातीला आरामात. माझ्या पैशानं."

"माझ्याही," मावशी म्हणाली. "आणि तुझी सून बाळंत झाली की तिचंही पोर आण तिथं. कोळशाच्या धुरात किती दिवस ठेवशील?"

इस्त्री तशीच फिरत राहिली. पण जरा सावकाश.

गावानं या गोष्टीला पाय लावले, शिंगं लावली. कुणी म्हणालं, दहा जण दार ढकलत होते आणि मावशीनं एकटीनं धरून ठेवलं. कुणी म्हणालं, तिनं कडीला वीज सोडली होती. लोक तिच्याकडं येऊन विचारायचे, कारण अशा गोष्टीला अजून मीठमसाला लावावा तर तिनंच. पण ही एक गोष्ट तिनं कधी वाढवून सांगितली नाही.

"दहा कुठले," म्हणायची. "एकच होता."

बाळ्या घरी आला नाही. कुणाच्या हातून निरोप नाही, फोन नाही. मुलगी म्हणाली, "आई, तू जा ना, मामाला समजाव." मावशी म्हणाली, "समजवायला तो काय नासमज आहे? त्याला सगळं समजलंय, म्हणून तर येत नाही."

पुढच्या सभेला बाकीचे सगळे सभासद घंटा वाजायच्या आधीच येऊन बसले. असं कधी झालं नव्हतं. शेवटी घंटा सुरू झाल्यावर सिमेंटवाले जिना चढून आले. थेट बांधकामावरून आलेले, बूट गुडघ्यापर्यंत पांढरे. दरवेळी 'काय ताई' म्हणायचे, आज समोर बघत पुढं निघाले. ती स्टुलावर आहे की नाही हेसुद्धा पाहिलं नाही.

"पाय पूस," मावशी म्हणाली.

ते थांबले. आतले सगळे वळून बघत होते. घंटा वाजत होती.

सिमेंटवाल्यांनी एक बूट पायपुसण्यावर घासला, मग दुसरा. खाली बघत, नीट, टाचेपर्यंत. मग आत गेले आणि मावशीनं दार लावून घेतलं.