टिचकी

“तूही एकदा चाव तिला, म्हणजे कळेल कसं लागतं ते...” सासूबाईंचा आवाज, किती वर्षांपूर्वीचा, आणि तो आला नेमका बोटावरची पट्टी सोडवताना. पट्टीखालची कातडी पांढरी, ओलसर, आणि तिच्यावर समोरासमोर ठेवल्यासारख्या दोन लाल कोरी – एक वरच्या चोचीची, एक खालच्या. सासूबाई अगदी सहज बोलल्या होत्या, खिडकी लाव म्हणावं तशा. लेक तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, दात शिवशिवत असलेली, दिसेल त्याला चावत सुटलेली. आणि तिनंही खरंच चावलं लेकीला... हलकेच. हलकेच होतं ना? लेकीचं रडणं तिला आठवत नव्हतं. रडण्याआधीचं उघडं तोंड तेवढं आठवत होतं, आवाज न फुटलेलं.

खिडकीशेजारच्या पिंजऱ्यातून साहेब बघत होते. पांढरंशुभ्र पाखरू, माथ्यावर लिंबाच्या सालीचा तुरा, आणि चालणं असं की जणू साऱ्या घराची तपासणी करायला आलेत – म्हणून साहेब. नाव लेकीनं ठेवलं, काकाकुवाही तिनंच आणला. पहिला म्हातारा मालक वारला, दुसऱ्या घरानं ‘चावतो’ म्हणून पक्ष्यांच्या आश्रमात परत केला, हे तिसरं घर. “रिकामं वाटतं म्हणतेस ना? घे, बडबड्या पाहुणा!”

मग लेक फोनवर समजावायची, आईनं लेकराला समजवावं तशी. चावले तर ओरडू नकोस, त्यांना गंमत वाटते. हात हिसकू नकोस. शांतपणे खाली ठेव आणि पाठ फिरव. तुरा ताठ झाला, बुबुळं लहानमोठी व्हायला लागली, की हात पुढे करूच नकोस. “आणि आई, बोटावर चढण्याआधी ते चोच टेकवतात हं. फांदी पक्की आहे ना, ते बघतात. ते चावणं नसतं.”

हे शेवटचं तिला उशिरा कळलं. पहिल्याच दिवशी तिनं बोट पुढे केलं होतं, साहेबांनी मान वाकवून चोच टेकवली होती, जिन्याचा कठडा धरावा तशी – आणि तिनं चोचीवर टिचकी मारली होती. फट्. साहेब मागे सरकले, बोटाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र चावले. मग तीही... चावले की टिचकी, टिचकी की चावणं. कोण कोणाला शिकवत होतं कोण जाणे. कधीकधी तर ते चावायच्या आतच. फोनवर मात्र “हो गं, पाठच फिरवते.” आणि फट् झाल्यावर छातीत काहीतरी सैल व्हायचं, ते... ते जाऊ दे.

दुपारी तिनं शिवलेले पडदे न्यायला गिऱ्हाईक आलं. “बोटाला काय हो?”

“सुई टोचली.”

“एवढी मोठी? सुई म्हणताय की सवत?”

दोघी खूप हसल्या. गिऱ्हाईक गेल्यावरही तिच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, कुणीतरी बाहेरून टाचल्यासारखं, आणि त्याच्या आत तोंड कडू कडू झालं. सुईवरही आळ घेतला. आता राहिलं कोण?

संध्याकाळी लेक आली ती जाळीची पेटी घेऊनच. “तुझं हातावर पोट आहे आई, बोटं अशी फोडून घेऊन कसं चालेल? देते परत. पण आश्रमातले लोक म्हणाले, पुन्हा चावरा म्हणून आला तर कुणाला देणार नाहीत. मागच्या खोलीत एकटाच राहील.” आणि पिंजऱ्यापाशी वाकून, “चला साहेब, बदली झाली तुमची!”

लेकीनं हात आत घातला. साहेबांचा तुरा उठला, बसला. चोच बोटावर टेकली... लेक हलली नाही. एक पाय, मग दुसरा. तिच्या मनगटावर ते फुगून बसले, डोळे मिटले.

“बघ की! मला कसे नाही चावत? तुझ्याशीच काय वैर आहे, कळत नाही.”

तिला वाटलं, आता गप्प बसलं की झालं. पेटीचं दार लागेल, बोट भरून येईल, लेक येत राहील. सगळं जिथल्या तिथे.

“वैर नाही,” ती म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा. “पहिल्या दिवशी ते चावले नव्हते. चढत होते. मी मारलं.”

लेकीनं मान वर केली. “चुकून ना?”

हो म्हणायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

“पहिल्यांदा चुकून,” ती म्हणाली. “मग रोज. आणि मारल्यावर मला बरं वाटायचं गं.”